मिरगाआधीचं छप्पर

पहाटे ४

मे महिन्यात सिहोऱ्याला सगळ्यात आधी जाग येते ती तेंदूपत्त्यावाल्यांना. चार वाजता रस्त्यावर सायकली दिसू लागतात. कॅरिअरला गुंडाळलेली चादर, हँडलला पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकर. बाया घोळक्याने चालत निघतात. ऊन चढायच्या आत पानं तोडून घरी आणायची, दुपारभर छपरीत बसून पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. आपल्याकडे सत्तर पानांचा एक पुडका. बावनथडीपलीकडे मध्य प्रदेशात पन्नासांचा.

आम्हीही याच वेळी निघतो, हातात काठी आणि पाठीवर दोर घेऊन. या घोळक्यांच्या मागोमाग चालणंच शहाणपणाचं. मोहफुलं संपली तरी टेंभरं आणि वारुळं शोधत अस्वल पहाटे फिरत असतं. माणसांचा आवाज आला की ते बाजूला होतं. गपचूप चालणारा एकटा माणूस मात्र त्याच्या अंगावरच जाऊन पडतो. म्हणून वाटेत आम्ही मोठमोठ्याने बोलतो.

आम्ही म्हणजे सिहोरा-चांदपूर भागातले पाच-सहा जण. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, एक वायरमन, उपकेंद्रातली नर्स (तिला सगळे सिस्टरच म्हणतात), बुरडकाम करणारा एक मित्र, ज्याच्या शेतावर हे सगळं चाललं आहे तो, आणि मी. हिवाळ्यात धान चुरून झाले की आम्ही तुमसर रोडहून विदर्भ एक्स्प्रेस धरतो, कल्याणला उतरतो आणि माळशेजच्या रस्त्याने जुन्नरकडच्या सुळक्यांकडे जातो. उन्हाळ्यात डोंगर इथलाच. यंदा त्याच्या पायथ्याशी आम्ही खोपडी बांधतो आहोत. एक खोली, पुढे छपरी, वर देशी कवेलू. भिंती उभ्या झाल्या आहेत. आज आढं चढवायचं आणि जमलं तर एका बाजूचे कवेलू लावायचे. सात जूनला मृग लागतो. त्याआधी छप्पर बंद झालं नाही तर मातीच्या भिंती पहिल्याच पावसात खाली बसतील.

पहाटे ५

शेताच्या वरच्या अंगाला, बोडीच्या पाळीपलीकडे तीसेक फुटांचा उभा खडक आहे. त्याला नाव नाही आणि त्यावर चढायला बाहेरून कोणी येत नाही. आम्हाला तो पुरतो.

सह्याद्रीत चढलेल्या माणसाला हा दगड पहिल्यांदा परका वाटतो. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. काळा बेसाल्ट, दोन थरांच्या मध्ये गवताचे पट्टे, आणि हाताला येईल तो दगड सुटून येण्याची भीती. जीवधन किल्ल्याजवळच्या वानरलिंगीवर प्रत्येक पकड आधी हलवून बघावी लागते, मग तिच्यावर भार टाकायचा. आपल्या भागातला खडक जमिनीच्या पोटातल्या दाबाने आणि उष्णतेने पालटलेला, बेसाल्टपेक्षा कितीतरी पटींनी जुना. त्यात अभ्रकाचे कण चमकतात. पकडी लहान आणि धारदार, पण घट्ट. याच जुन्या खडकांच्या पट्ट्यात बालाघाटपासून तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गवरून नागपूर जिल्ह्यापर्यंत मँगनीज सापडतं. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलसाठी जातं, आणि आम्ही अंधारात गाठी मारतो तेव्हा कपाळावरच्या दिव्यातही तसलेच सेल असतात. हे कळल्यापासून गुरुजी नव्या पोरांना भूगोल इथूनच शिकवतात.

खडकावर आग्या मोहोळ आहे का, हे आदल्या संध्याकाळीच पाहून ठेवलेलं असतं. दोरावर लटकलेल्या माणसाला मधमाश्यांपासून पळता येत नाही, त्यामुळे याबाबतीत सवलत नाही. मग वरचा आधार. माथ्यावर ऐनाचं जाड झाड आहे. एक पट्टा त्याला, दुसरा खडकाच्या बेचक्यात. दोन्ही एकमेकांवर अवलंबून नसले पाहिजेत, एक सुटला तरी दुसऱ्याने एकट्याने भार पेलला पाहिजे. वायरमन हे काम करतो आणि सिस्टर ते तपासते. सिस्टरने बांधलेलं वायरमन तपासतो. स्वतःची गाठ स्वतः तपासून चढायला लागणं आमच्यात चालत नाही. कमरेच्या हार्नेसला आठाची गाठ, दोन्ही फेरे समांतर, शेपूट हातभर, मग समोरच्याने बोट लावून एकेक फेरा मोजायचा आणि मोठ्याने 'ठीक' म्हणायचं.

गावातली दोन पोरं अलीकडे रोज येतात. दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. त्यांच्यातला एक चढायला भलता चपळ, हातापायात जन्मजात तोल. त्याला वाटतं, गाठ मोजणं म्हणजे वेळ घालवणं. आज गुरुजींनी त्याला बाजूला बसवून कोकणकड्याबद्दल सांगितलं. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या त्या कड्यावर अरुण सावंत यांचा मृत्यू झाला. साठीतले, उभी हयात सह्याद्रीत घालवलेले, ज्यांच्याकडून कित्येक जण शिकले असे. "त्यांच्यापेक्षा तुले जास्त समजते काहून?" एवढंच विचारलं. पोरगा काही बोलला नाही. उठून त्याने आपल्या सोबत्याची गाठ मोजली, फेरा न फेरा.

साडेसहापर्यंत चढणं. मग सूर्य थेट खडकावर येतो आणि हाताला घाम सुटतो. दोर गुंडाळताना सिस्टर वही काढते. आमच्याकडे प्रत्येक दोराचं पान आहे. कधी घेतला, कुठे वापरला, कितीदा त्याने पडणारा माणूस झेलला, कुठे घासला. आज त्यात एक ओळ वाढते.

सकाळी ७

बोडीत अजून गुडघाभर पाणी आहे. हातपाय धुतले. शेतमालकाच्या आईने, म्हणजे आमच्या मावशीने, चहा आणि रात्रीच्या भाताच्या फोडणीचा डबा पाठवला होता.

सकाळी ७.३०

काकाजी सायकलवरून येतात. सत्तरीपलीकडचे असतील. सुताराचं काम त्यांचं, पण कवेलू लावायलाही या भागात त्यांनाच बोलावतात, म्हणजे बोलवायचे. आता बोलावणं येत नाही. गावात घरकुलं झाली, स्लॅब पडले, ज्यांना स्लॅब परवडला नाही त्यांनी टिनं टाकली. टिनं टाकण्याचं मोठं कारण वानरं. एक टोळी छपरावरून गेली की शंभर कवेलू फुटतात, आणि दर उन्हाळ्यात कवेलू फेरायला मजूर मिळत नाही. त्यामुळे लोकांनी कौलारू घरं सोडली याचा मी कोणाला दोष देणार नाही. पण टिनाखाली मे महिन्याची दुपार काढलेल्या माणसाला कवेलूची सावली काय असते ते सांगावं लागत नाही. मोडणाऱ्या जुन्या घरांमधूनच आम्ही आमचं सामान गोळा केलं. कवेलू, एक मयाल, दोन खांब, कोरीव चौकट असलेलं एक दार.

बांबू मात्र नवा, आणि तो शेतमालकाच्याच बांधावरचा. आधी स्वतःच्या शेतातला बांबू तोडून न्यायलाही परवाना लागायचा; २०१७ च्या कायदादुरुस्तीने जंगलाबाहेर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. बुरड मित्राने तो थंडीत तोडला, तेव्हा त्यात रस कमी असतो. नंतर बोडीत बुडवून ठेवला, पाण्यात त्याचा गोडवा उतरला म्हणजे घुण लागत नाही. त्याच्याकडून मला कळलं की एकाच बेटातला कोणता बांबू फाट्याला चालेल आणि कोणता फक्त कांब्यांना, हे पेरांमधलं अंतर बघून सांगता येतं. तो हाताने ठोकून, आवाज ऐकूनही सांगतो. मला तो आवाज अजून वेगळा ऐकू येत नाही.

आढं सागाचं, अठरा फुटांचं. ते दोन्ही टोकांच्या खांबांवर बसवायचं. काकाजींच्या तरुणपणी यासाठी पंधरा माणसं यायची. एकाच्या घराला सगळ्यांनी हात लावायचा आणि संध्याकाळी त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, ती इर्जिक. आता तेवढी माणसं एका सकाळी मिळत नाहीत. जी आहेत ती तेंदूपत्त्याला, नाही तर उन्हाळी धान काढायला गेलेली. त्यामुळे आम्ही तीन बांबूंची तिकाटी उभी केली, तिला कप्पी बांधली आणि आमचा पांढरा दोर लावला. चढायचा रंगीत दोर इथे कामाचा नाही. तो ताणाखाली लांबतो, म्हणूनच पडणाऱ्याच्या कमरेला झटका कमी बसतो. पण लाकूड उचलताना लांबणारा दोर म्हणजे वर-खाली झुलणारं ओझं. रॅपलिंगचा पांढरा दोर फारसा लांबत नाही.

एक टोक आधी, मग दुसरं. वायरमनच्या हातात दोर, गुरुजी त्याच्या मागे, दोघं भिंतीच्या आडोशाला. लाकडाखाली कोणी उभं राहायचं नाही. खडकावर जसं बोलतो तसंच इथे बोललो, एकानेच बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आज तो एक म्हणजे काकाजी. "घे. घे. थांब. अठी ठेव. आता सोड, हरू सोड." आढं खाचेत बसलं तेव्हा लाकडाने कर्र असा आवाज केला. काकाजींनी वरून हात फिरवून पाहिलं, पाचर मारली आणि म्हणाले, "झाला." त्यानंतर नारळ फुटला. हळद-कुंकू लावलं, मावशीने आढ्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं.

मग फाटे. इथे उताराचा प्रश्न येतो. तीन हात रुंदीला दोन हात उंची, हे काकाजींचं माप, आणि देशी कवेलूला तेच लागतं. उतार कमी ठेवला तर झडीचं पाणी सांध्यातून मागे सरकून आत येतं. जास्त ठेवला तर कवेलू स्वतःच्या वजनाने घसरत जातात. फाट्यांवर आडव्या कांब्या बांधायच्या त्या पळसाच्या मुळ्यांच्या वाकाने. मुळ्या ठेचून, सोलून, पाण्यात भिजवलेल्या. ओला वाक बांधला की वाळता वाळता तो घट्ट बसतो. मी नायलॉनची दोरी सुचवली होती. काकाजींनी मावशीच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी बोटांनी चुरून दाखवली, उन्हाने तिची पूड होत होती. दोरांच्या बाबतीत हेच आम्ही पोरांना शिकवतो, की ऊन नायलॉनला खातं. छपराच्या बाबतीत ते एका सुताराने सांगावं लागलं.

त्यांची गाठ मी नीट पाहिली. दोन वेढे, एक आडवा, टोक आत खोचलेलं. गाठींच्या पुस्तकांमध्ये चौकोनी बांधणीची जी आकृती असते, जवळपास तशीच, फक्त हात जास्त जलद. सिस्टरने त्यांच्याकडून ती तीनदा बांधून घेतली आणि मग स्वतः एक अख्खी ओळ बांधली. काकाजींनी प्रत्येक गाठ ओढून पाहिली. तपासायची त्यांनाही तशीच सवय आहे.

दुपारी ११.३०

पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जाणार हे अंगालाच कळतं. काम बंद. आता चारपर्यंत मोहाच्या झाडाखाली.

जेवणात आंबील, भाकर, लाखोरीच्या डाळीचं वरण, कैरीची चटणी आणि सुकटाची भाजी. दोन्ही पोरांनी टेंभरं आणली होती. जेवण झाल्यावर काकाजींनी विचारलं ते कधीपासून त्यांच्या मनात असावं. इतकी माणसं लागली, सुट्ट्या गेल्या, ही खोपडी नेमकी कोणासाठी? शेतराखणीला एवढी भक्कम लागत नाही, राहायला गावात घरं आहेत.

गुरुजींनी आल्प्सपासून सुरुवात केली. स्वित्झर्लंडमध्ये गिर्यारोहकांनी १८६३ मध्ये स्विस आल्पाइन क्लब काढला, आणि त्याच वर्षी ट्योडी नावाच्या पर्वतावर ग्र्युनहॉर्नची झोपडी बांधली. शिखराआधी निवारा. आजही त्यांच्या कितीतरी झोपड्यांमध्ये हिवाळ्यात एक खोली उघडी असते, कोणीही वादळात येऊन निजावं. आपल्याकडे सह्याद्रीत चढणारे लेण्यांमध्ये, देवळांमध्ये, किल्ल्यांवर झोपतात. जीवधनवर दगडी धान्यकोठी आहे, तिच्यात निजलं की पहाटे वानरलिंगीकडे निघता येतं. आमच्यासाठी ती सगळी ठिकाणं रात्रभराच्या रेल्वे प्रवासापलीकडची. तिथे जायला पैसे लागतात, रजा लागते, पोरींना तर घरून परवानगीच मिळत नाही. सिस्टरचं म्हणणं तिथेच होतं. गावातल्या मुलींना डोंगर शिकवायचा असेल तर संध्याकाळी चूल पेटलेली दिसेल इतक्या जवळ ती जागा पाहिजे, आणि तिथे दार लावून कपडे बदलता आले पाहिजेत, संडास पाहिजे. आमच्यातल्या पुरुषांना हे सुचलं नव्हतं. खोपडीच्या आराखड्यात संडास आधी आखला गेला आणि खोली नंतर, हे तिचं काम.

मला याहून एक गोष्ट जास्त वाटते. या भागातल्या माणसाला डोंगर अनोळखी नाही. तेंदू, मोह, चारोळी, मध, चैत्रातली यात्रा यांसाठी तो आयुष्यभर डोंगरात जातो, आणि उभ्या दगडावर पाय कुठे ठेवायचा हे आमच्यापेक्षा चांगलं जाणतो. पण आरोहण म्हणून जे काही आहे, त्यातली साधनं, शिबिरं, नोकऱ्या, ते सगळं पुण्या-मुंबईच्या पोरांकडे. मध काढणाऱ्याच्या मुलाला कमरेला चांगला पट्टा आणि माथ्यावर दोन आधार मिळाले तर तो काय करील, हे मला बघायचं आहे.

काकाजी हे ऐकून काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, लहानपणी ते चांदपूरच्या डोंगरावर पायऱ्या सोडून दगडावरून चढायचे, आणि त्यावरून मार खायचे.

दुपारी ४.३०

कवेलू. दोन्ही पोरं छपरावर, कमरेला पट्टे, दोर आढ्यावरून पलीकडच्या खांबाला. काकाजींना आधी ते नको होतं. कांबीवर पायाची बोटं रोवून बसायची त्यांची सवय पन्नास वर्षांची. सिस्टर शांतपणे म्हणाली, "काकाजी, तुमी बांधलं नाही तं पोरंबी बांधनार नाही." त्यांनी पट्टा घालून घेतला.

खाली आम्ही साखळी केली. कवेलू एका हातातून दुसऱ्या हातात, वर देण्याआधी प्रत्येकावर बोटाच्या पेराने टिचकी. खणखणीत वाजला तर वर. बोदा वाजला तर बाजूला, त्याचा चुरा जोत्याच्या भरावात. सुरुवात खालून, पावळीपासून. पहिले दोन उताणे, त्यांच्या फटीवर एक पालथा, वरचा कवेलू खालच्यावर तिसरा हिस्सा चढलेला. ऐकायला सोपं. पण जुने कवेलू कुंभाराने मांडीवर, साच्यावर वळलेले, एकाचा बाक दुसऱ्यासारखा नाही. काकाजी प्रत्येक कवेलू हातात घेऊन क्षणभर फिरवतात आणि त्याची जागा शोधतात. न बसणारा ठोकून बसवत नाहीत, बाजूला ठेवतात. चार ओळींनंतर त्याची जागा येते आणि नेमका तोच तिथे बसतो. इतक्या कवेलूंमधून तो त्यांच्या लक्षात कसा राहतो, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "हाताले आठवते."

चपळ पोरगा सुरुवातीला घाईत होता. तिसऱ्या ओळीत त्याचा कवेलू किंचित तिरपा बसला आणि वरच्या दोन्ही ओळी तिरप्या गेल्या. काकाजींनी तिन्ही ओळी काढायला लावल्या. रागावले नाहीत. खालची चूक वर वाढत जाते, एवढं दाखवलं. पोराने ओळी काढल्या आणि पुन्हा लावल्या, आता एकेक करून.

सूर्य डोंगराआड जाईपर्यंत पूर्वेची बाजू पूर्ण झाली. पश्चिमेची उद्या. मग आढ्यावर कोन्याचे कवेलू आणि चुना-मातीचा गिलावा, आणि वानरांसाठी दोन्ही अंगांना बोरीच्या काट्या. वायरमनचा अजून आग्रह आहे की त्याऐवजी पावळीवर जाळी लावावी. जाळीचे पैसे आपल्याकडे नाहीत, आणि काट्या बांधावर फुकट आहेत.

भिंतींना मावशी आणि शेजारच्या दोघी जणी आतून गिलावा करत होत्या. लाल माती, तणीस आणि शेण, दोन दिवस पायांनी मळून मुरवलेलं. काळी माती नको, ती भेगाळते. बाहेरून पांढऱ्या मातीचा पोतारा शेवटी. त्यांची मजुरी ठरलेली आहे आणि ती रोजच्या रोज दिली जाते. मित्रांचं काम मित्रांनी फुकट करावं, पण बायांचा गिलावा 'घरचंच काम' म्हणून फुकटात धरू नये, यावर आमच्यात पहिल्याच दिवशी चर्चा झाली होती.

रात्री ८

चिन्नोरचा भात, अंड्याचा रस्सा. पश्चिमेची बाजू उघडी असल्याने खोलीतून आकाश दिसत होतं. हिशेबाची वही निघाली. खिळे, चुना, बायांची मजुरी, काकाजींची मजुरी (ती ते घेत नव्हते, गुरुजींनी त्यांच्या खिशात ठेवली).

मग कुलुपाचा वाद. शेतमालक म्हणत होता, दाराला कुलूप लावू, नाही तर दारू प्यायला लोक येतील. गुरुजींना कुलूप नको होतं. पावसात अडकलेला गुराखी, उशीर झालेल्या तेंदूवाल्या बाया, कोणालाही टेकता आलं पाहिजे. दोघांचंही खरं होतं आणि आवाज चढत चालले होते.

सिस्टरने दोरांची वही मध्ये ठेवली. दोर उघड्यावर ठेवता येणार नाही, आणि त्याचं कारण चोरी नव्हे. आपल्या माघारी कोणी तो बैलगाडीला बांधला, ट्रॅक्टर ओढला, बॅटरीचं ॲसिड सांडलं, आणि पुन्हा गुंडाळून जागेवर ठेवला, तर वरून काही दिसणार नाही. ज्याचा इतिहास माहीत नाही त्या दोरावर ती कोणाला चढू देणार नाही, पोरींना तर नाहीच. काकाजींनी मान हलवली. त्यांचं वाकसं आणि पटाशी ते कोणाला उसनी देत नाहीत, तेही म्हणाले.

शेवटी ठरलं ते असं. छपरी उघडी राहील, तिथे माठ, चूल आणि दोन चटया. संडास उघडा. आतल्या खोलीला कुलूप, एक किल्ली सिस्टरकडे आणि दुसरी मावशीकडे. रात्री-बेरात्री कोणाला खरीच गरज पडली तर मावशी खोली उघडून देईल, पण दोरांच्या पेटीची किल्ली तिच्याकडेही नाही. पेटी लाकडाची, काकाजी करणार, खाली हवेला भोकं ठेवून, म्हणजे पावसाळ्यात दोराला बुरशी लागायची नाही. सागाची एक फळी उरली आहे. तिचं माप त्यांनी वितीने तिथेच घेतलं आणि उद्या सकाळी वाकसं धार लावून आणतो म्हणाले.